थकबाकी कोणाची आणि मत कोणाचे बुडाले?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) : मी आमच्या युनियनच्या एका विभागातून निवडून आलेली प्रतिनिधी आहे. गेली दोन वर्षे कामातून मोकळीक घेऊन मी पूर्णवेळ संघटनेचे काम करते. आमच्या सामूहिक करारानुसार अशा पूर्णवेळ प्रतिनिधींना मानधन युनियन देते आणि निवृत्तिवेतन निधी व वैद्यकीय निधी यांतील त्यांचे संपूर्ण अंशदानही युनियननेच भरायचे असते. गेल्या पाच महिन्यांत वीस प्रतिनिधींचे अंशदान भरले गेले नाही. निवडणुकीच्या पंधरा दिवस आधी त्यांपैकी नऊ जणांची थकबाकी युनियनच्या खात्यातून एकरकमी भरण्यात आली आणि हे नऊही जण विद्यमान कार्यकारिणीच्या पॅनेलचे आहेत. उरलेल्या आम्हा अकरा जणांना ‘थकबाकीदार’ ठरवून मतदार यादीतून वगळण्यात आले. आमच्यातील एकाचा उपाध्यक्षपदाचा अर्जही छाननीत बाद झाला. ११८ पैकी १०७ प्रतिनिधींनी मतदान केले. विद्यमान सरचिटणीस ५७ विरुद्ध ५० मतांनी आणि खजिनदार ६९ विरुद्ध ३८ मतांनी निवडून आले. अध्यक्ष बिनविरोध झाले आणि आमचा त्यांना आक्षेप नव्हता. अकरांपैकी दोघांची युनियनची मासिक वर्गणीसुद्धा सात महिन्यांची थकली आहे, हे मला मान्य केले पाहिजे. एका सहकाऱ्याच्या मुलाची शस्त्रक्रिया वैद्यकीय निधीची मंजुरी थांबल्यामुळे लांबली आहे. संपूर्ण निवडणूक रद्द करून घ्यावी, थेट न्यायालयात जावे आणि तोवर आमच्या विभागाची वर्गणी रोखून धरावी, असे माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. निवडणूक होऊन बारा दिवस झाले. आम्ही काय करावे?

— एक प्रतिनिधी

उत्तर :

आधी त्या शस्त्रक्रियेचे पाहू. निवडणुकीचा वाद काही महिने चालेल, त्या मुलाने तेवढे थांबता कामा नये. आजच दोन पत्रे लिहा. पहिले युनियनच्या खजिनदारांना : अकराही प्रतिनिधींचे पाच महिन्यांचे अंशदान तातडीने भरावे आणि ते भरल्याने वा स्वीकारल्याने निवडणूक वादातील कोणत्याही पक्षाचा कोणताही हक्क सोडला गेला असे मानले जाऊ नये, असे त्यात स्पष्ट नमूद करा. हे शेवटचे वाक्य समोरच्यांनाही सोयीचे आहे, कारण पैसे भरले म्हणजे चूक कबूल केली अशी भीती त्यांना वाटत असेल, तर ती या वाक्याने दूर होते. दुसरे पत्र निधीच्या विश्वस्तांना : भरणा होईपर्यंत संबंधित कुटुंबाची मंजुरी तात्पुरती चालू ठेवावी, अशी विनंती त्यात करा आणि सामूहिक करारातील ज्या कलमानुसार अंशदान भरण्याची जबाबदारी युनियनची आहे, त्या कलमाची प्रत सोबत जोडा. विश्वस्तांची बांधिलकी लाभार्थींशी असते. निवडणुकीत कोण कोणत्या पॅनेलमध्ये होते याच्याशी त्यांना कर्तव्य नाही आणि पत्रात तो विषय आणूही नका. तुमच्या सहकाऱ्याला नाइलाजाने ती रक्कम स्वतः भरावी लागलीच, तर ‘जबाबदारी मान्य न करता, परताव्याच्या हक्कासह’ असे लिहून भरावी आणि त्या पत्राची पोच घ्यावी. मुकाट्याने भरलेली रक्कम उद्या त्याच्याच विरुद्ध कबुली म्हणून दाखवली जाईल.

आता मुख्य वादाकडे वळतो. तुमच्या पत्रात ‘थकबाकी’ हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी आला आहे, आणि माझ्या मते निवडणूक समितीचीही नेमकी इथेच गल्लत झाली. सभासदाने युनियनला द्यायची मासिक वर्गणी ही एक गोष्ट. निधीत सभासदाने स्वतःच्या मिळकतीतून भरायचा वाटा ही दुसरी. त्याच निधीत त्याच्या वतीने मालकाने, किंवा तुमच्या बाबतीत मोकळिकीच्या काळात युनियनने, भरायचे अंशदान ही तिसरी. बहुतेक युनियनच्या घटनांमध्ये, म्हणजे त्यांच्या लेखी नियमावलींमध्ये, सभासदत्व चालू राहण्याची अट पहिल्या गोष्टीशी, म्हणजे वर्गणीशी, जोडलेली असते. तुमच्या घटनेतील ते कलम शब्दशः वाचा. तिथे ‘वर्गणी’ असा शब्द असेल, तर अंशदान थकले म्हणून कोणालाही यादीतून काढण्याचा अधिकार समितीला मुळातच नव्हता. ‘संघटनेचे कोणतेही देणे’ असा व्यापक शब्द असला, तरी तुमची बाजू टिकते, कारण तुमच्या करारानुसार हे देणे तुमचे नाहीच. ज्याने भरायचे त्याने भरले नाही आणि ज्याच्यासाठी भरायचे होते त्यालाच थकबाकीदार ठरवले, हा न्याय कोणत्याही घटनेतून काढता येणार नाही.

मी स्वतः अनेक वर्षांपूर्वी एका युनियनच्या निवडणूक समितीवर काम केले आहे. कार्यालयाकडून आलेली थकबाकीदारांची यादी आम्ही तशीच स्वीकारली आणि प्रत्येक नावापुढचे देणे नेमके कशाचे आहे, हे विचारले नाही. मतमोजणीनंतर कळले की त्यांतील काही जणांची वर्गणी पगारातून नियमित कापली जात होती, ती फक्त युनियनच्या खात्यात वेळेवर जमा झाली नव्हती. त्या सभासदांची माफी मागण्यापलीकडे आमच्या हातात काही उरले नाही, कारण तक्रारीची मुदत तोवर उलटून गेली होती. तुमच्या समितीने हे जाणूनबुजून केले असेलच असे मी म्हणणार नाही. तक्रारीतही हेतूचा आरोप करण्याची घाई करू नका. समितीने चुकीची कसोटी लावली एवढे सिद्ध झाले तरी तुमचे काम होते. कट सिद्ध करायला निघालात, तर ते ओझे नाहक तुमच्या खांद्यावर येईल.

हा प्रश्न जगात नवा नाही. अमेरिकेने १९५९ मध्ये युनियनच्या अंतर्गत निवडणुकांसाठी जो कायदा केला, त्यात अशी स्पष्ट तरतूद आहे की, ज्या सभासदाची वर्गणी सामूहिक करारानुसार मालक पगारातून कापून युनियनला देतो, त्याला त्या भरण्यातील उशीर किंवा कसूर दाखवून मतदानास वा उमेदवारीस अपात्र ठरवता येत नाही. ही तरतूद वर्गणीपुरती आहे आणि तुमच्या संघटनेला ती लागू नसेल, तर तिचा आधार घेता येणार नाही. तरीही तिच्यामागचे तत्त्व तुम्ही तक्रारीत मांडू शकता : दुसऱ्याच्या हातातून जाणाऱ्या पैशाच्या विलंबाची शिक्षा सभासदाला होऊ नये. प्रतिनिधींच्या लाभांबाबत आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची १९७१ ची शिफारस क्रमांक १४३ अधिक जवळची आहे. कामगार प्रतिनिधींना प्रतिनिधित्वाच्या कामासाठी मिळणाऱ्या मोकळिकीमुळे त्यांचे वेतन आणि सामाजिक व अन्य लाभ बुडू नयेत, असे ती म्हणते, आणि युनियनच्या बैठका, अधिवेशने, प्रशिक्षण यांसाठीच्या मोकळिकीचा खर्च कोणी सोसायचा हे ठरवण्याची वाट मोकळी ठेवते. शिफारस बंधनकारक नसते. पण खर्च कोणाचा यावर वाद होऊ शकतो, लाभ मात्र बुडता कामा नये, हा तिचा क्रम तुमच्या प्रकरणात उपयोगी आहे.

नऊ जणांची थकबाकी भरली गेली, हा तुमच्या सहकाऱ्यांच्या संतापाचा सर्वांत मोठा मुद्दा आहे आणि तो फार जपून हाताळावा लागेल. ‘युनियनच्या पैशाने मते विकत घेतली’ असे तक्रारीत लिहिण्याचा मोह होईल, आणि तसे लिहिलेत तर तुम्ही स्वतःच्याच पायाखालची जमीन काढून घ्याल. करारानुसार ते अंशदान युनियनने देणेच होते, असे तुमचे म्हणणे आहे. मग नऊ जणांसाठी केलेला भरणा हा देणगी किंवा लाच कसा ठरेल? तो देण्याचा भरणाच होता, उशिरा केलेला. ती रक्कम युनियनचे देणे नव्हती असे धरले, तरच तो उमेदवारांच्या फायद्यासाठी संघटनेच्या निधीचा वापर ठरतो. पण तसे धरल्यास तुमच्या अकरा जणांची बाजू कोसळते. म्हणून आक्षेप भरण्यावर घेऊ नका, निवडीवर घ्या. एकाच करारातील, एकाच स्वरूपाची, त्याच पाच महिन्यांची वीस देणी असताना नऊ निवडली कोणी, कोणत्या ठरावाने, कोणत्या निकषावर, आणि ती रक्कम भरल्यानंतर पंधरा दिवसांच्या आत उरलेल्यांना त्याच कारणावरून अपात्र का ठरवले? या प्रश्नांना कार्यकारिणीच्या इतिवृत्तात समाधानकारक उत्तर असेल, तर ते तुम्हीही मोकळ्या मनाने वाचले पाहिजे. कदाचित पैसे खरोखरच अपुरे असतील आणि ज्यांची मागणी आधी आली त्यांचे आधी भरले गेले असेल. इतिवृत्तात काहीच नसेल, किंवा ठरावच झाला नसेल, तर पदावर असलेल्यांनी संघटनेचा पैसा निवडक पद्धतीने वापरला आणि त्याचा परिणाम मतदार यादीवर झाला, हे तुम्ही कोणताही कठोर शब्द न वापरता दाखवू शकाल. वर उल्लेखलेल्या १९५९ च्या कायद्यात युनियनचा किंवा मालकाचा पैसा कोणाच्याही उमेदवारीच्या प्रचारासाठी वापरण्यास पूर्ण मनाई आहे. तिथेही संघटनेचे नेहमीचे देणे आणि प्रचार यांतील रेषा पुराव्यानेच आखावी लागते.

यानंतर आकडेमोड, आणि ती प्रामाणिकपणे करायला हवी. अकरांपैकी दोघांची स्वतःची वर्गणी सात महिने थकली आहे. घटनेनुसार तेवढ्या थकबाकीने मताधिकार जात असेल, आणि त्यांना आधी रीतसर सूचना मिळाली असेल, तर ते दोघे योग्यच वगळले गेले. त्यांना तुमच्या आकड्यात धरू नका. समोरची बाजू पहिल्याच बैठकीत ही दोन नावे पुढे करेल आणि ती तुम्हीच आधी वजा केलेली असतील, तर तुमच्या उरलेल्या म्हणण्याला वजन येईल. आता चुकीने वगळलेले मतदार नऊ उरतात. सरचिटणीसपदाचा फरक सात मतांचा आहे. ही नऊही मते पराभूत उमेदवाराला पडली असती, तर निकाल ५९ विरुद्ध ५७ असा उलटला असता. ती तशीच पडली असती असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि तसे सिद्ध करण्याची गरजही नसावी. अमेरिकेच्या कायद्यातील कसोटी अशी आहे की, नियमभंगाचा निकालावर परिणाम झाला असण्याची शक्यता आहे का. ही कसोटी मला न्याय्य वाटते, कारण मत गुप्त असते आणि मत देऊच न दिलेल्या माणसाने कोणाला मत दिले असते, याचा पुरावा त्याच्याकडे मागणे हाच त्याच्यावर दुसरा अन्याय होईल.

खजिनदारपदाला हीच कसोटी लावा. फरक ३१ मतांचा आहे. नऊच काय, अकराही मते पराभूत उमेदवाराला दिली, तरी ती ४९ होतात आणि विजयी उमेदवाराची ६९ राहतात. तो निकाल उभा राहतो. अध्यक्ष बिनविरोध झाले आणि तुमच्या बाजूचा कोणी तिथे अर्ज करू इच्छित होता असेही तुम्ही म्हटलेले नाही. तोही निकाल उभा राहतो. म्हणून ‘संपूर्ण निवडणूक रद्द करा’ ही मागणी मी सोडून द्यायला सांगेन. ती जिंकण्यासारखी नाही, आणि ज्यांची निवड निर्विवाद आहे अशा पदाधिकाऱ्यांना ती विनाकारण तुमच्या विरोधात उभे करते. उद्या तडजोडीची चर्चा घडवून आणायची, तर हे खजिनदार आणि अध्यक्षच तुम्हाला लागणार आहेत.

उपाध्यक्षपदाचा हिशेब मात्र वेगळा आहे आणि तिथे आकडे कामाला येत नाहीत. ज्याचा अर्जच बाद झाला, त्याला किती मते पडली असती हे मोजण्याचे कोणतेही साधन नसते. १९६८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर न्यूयॉर्कमधील हॉटेल कामगारांच्या एका युनियनचे प्रकरण आले होते. त्या युनियनच्या एका नियमामुळे सुमारे ९३ टक्के सभासद पदांसाठी उभेच राहू शकत नव्हते, आणि विजयी पॅनेलचे मताधिक्य मोठे होते, म्हणून नियमाने काही फरक पडला नाही, असा युक्तिवाद करण्यात आला. न्यायालयाने तो नाकारला. ज्यांना उभेच राहू दिले नाही, ते मतदारांपुढे कसे ठरले असते हे झालेल्या मतमोजणीवरून कळू शकत नाही, म्हणून नियमभंग सिद्ध झाला की परिणामाची शक्यता गृहीत धरावी आणि ती खोडून काढण्याची जबाबदारी युनियनवर असावी, असा त्या निकालाचा आशय आहे. तुमच्या सहकाऱ्याचा अर्ज केवळ अंशदानाच्या कारणावरून बाद झाला असेल, तर उपाध्यक्षपदाची निवडणूक नव्याने घेण्याची मागणी तुमच्या सगळ्या मागण्यांत सर्वांत भक्कम आहे. तो सहकारी वर्गणी थकलेल्या दोघांपैकी एक नाही ना, हे मात्र आज रात्रीच तपासा. असेल, तर हा परिच्छेद तुमच्या उपयोगाचा नाही.

वर्गणी रोखून धरण्याचा विचार कृपया पूर्ण सोडा. तुमची संपूर्ण बाजू ‘आम्ही थकबाकीदार नव्हतो’ या एका वाक्यावर उभी आहे, आणि वर्गणी रोखलीत तर तुमचा अख्खा विभाग पहिल्यांदाच खरोखर थकबाकीदार होईल. फेरनिवडणूक झाली, तर त्या यादीतून तुम्हाला घटनेला धरून वगळता येईल. निषेध नोंदवायचा असेल, तर वर्गणी भरतानाच निषेधाचे पत्र द्या.

थेट न्यायालयात जाण्याबाबतही थांबा, पण फार थांबू नका. आधी युनियनच्या घटनेत दिलेले अपील करावे लागते, असे बहुतेक कायदे आणि बहुतेक घटना मानतात. त्यामागे केवळ औपचारिकता नाही. संघटनेला स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करण्याची संधी मिळाली पाहिजे, आणि बाहेरच्या सत्तेला संघटनेच्या घरात जितके कमी शिरावे लागेल तितके बरे. कामगार संघटनांनी आपले प्रतिनिधी पूर्ण स्वातंत्र्याने निवडावेत आणि सरकारी यंत्रणेने या हक्कावर मर्यादा आणणारा हस्तक्षेप टाळावा, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४८ च्या करार क्रमांक ८७ मध्ये म्हटले आहे. हे स्वातंत्र्य टिकवायचे, तर अंतर्गत अपिलाचा रस्ता खरोखर चालला पाहिजे. मात्र या रस्त्यावर मुदती असतात. अमेरिकेत अंतर्गत उपाय संपल्यानंतर, किंवा ते सुरू करून तीन महिन्यांत अंतिम निर्णय न मिळाल्यास, पुढच्या एका महिन्याच्या आत श्रममंत्र्यांकडे तक्रार करावी लागते, आणि ती चुकली की प्रकरण संपते. तुमच्या घटनेतील अपिलाची मुदत कदाचित पंधरा दिवसांची असेल, कदाचित तीस. तुमचे बारा दिवस गेले आहेत. म्हणून हे उत्तर वाचून झाल्यावर पहिले काम ते कलम उघडण्याचे करा आणि सर्व कागद हाती यायची वाट न पाहता तक्रार दाखल करा. पुरावे नंतर जोडण्याचा हक्क राखून ठेवल्याचे तिच्यात लिहा. कायद्याने बाहेरची मुदत किती आहे हे कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला याच आठवड्यात विचारा, म्हणजे अंतर्गत अपील लांबले, तर तुम्हाला तारीख आधीच ठाऊक असेल.

तक्रार दोन पानांची पुरे. वीस प्रतिनिधींचा तक्ता करा : कोणाचे कोणत्या महिन्याचे अंशदान केव्हा देय होते, केव्हा भरले, कोणी भरले, आणि त्याच व्यक्तीची वर्गणी कोणत्या तारखेपर्यंत भरलेली होती. हा तक्ता निधीच्या कार्यालयाकडील महिनावार उताऱ्यावरूनच तयार करा, कोणाच्याही आठवणीवरून नको. मोकळिकीचे आदेश, सामूहिक करारातील कलम, घटनेतील सभासदत्वाचे कलम, छाननीचा लेखी निर्णय आणि कच्ची व अंतिम मतदार यादी जोडा. कच्च्या यादीत तुमची नावे होती का, हे पाहायला विसरू नका. असतील, तर ती केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून निघाली, हा एक प्रश्न अनेक पानांच्या युक्तिवादापेक्षा अधिक काम करेल. मतपत्रिका, याद्या आणि छाननीचे कागद निकाल लागेपर्यंत जपून ठेवावेत, अशी लेखी मागणीही त्याच दिवशी करा.

व्यवस्थापनाकडून तुम्हाला फक्त कागद हवेत : मोकळिकीच्या तारखा आणि भरण्याची माहिती. मत नको, शिफारस नको, ‘तुमचे अंशदान आम्ही भरून टाकतो’ असा प्रस्ताव तर मुळीच नको. मालकांनी आर्थिक किंवा अन्य मार्गांनी कामगार संघटना आपल्या ताब्यात आणण्यापासून संघटनांना संरक्षण असावे, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९४९ चा करार क्रमांक ९८ सांगतो. तुमच्या वादात मालकाचा एक रुपया आला, तर दोन्ही पॅनेल एकमेकांना मालकधार्जिणे म्हणू लागतील आणि मूळ प्रश्न बाजूला पडेल.

तक्रार दाखल केल्यावर तडजोडीचा प्रस्ताव तुम्हीच द्या. त्याचे शब्द असे असावेत असे मला वाटते : अकराही जणांचे अंशदान तत्काळ भरले जाईल, सरचिटणीस आणि उपाध्यक्ष या दोन पदांची निवडणूक नव्या समितीखाली, दोन्ही पॅनेलना मान्य असलेल्या बाहेरच्या निरीक्षकासमोर पुन्हा होईल, इतर निकाल कायम राहतील, आणि तोपर्यंत सध्याचे सरचिटणीस दैनंदिन काम व वाटाघाटी चालवतील पण लाभनिधीच्या भरण्याविषयीचे निर्णय अध्यक्ष व खजिनदार संयुक्तपणे घेतील. वाटाघाटींच्या मध्यावर सरचिटणीसाची खुर्ची रिकामी ठेवण्याचा आग्रह धरू नका. त्याचा फटका प्रत्येक सभासदाला बसेल, तुमच्या पॅनेललाही. सरचिटणीस हा प्रस्ताव नाकारू शकतात, पण ५७ मते मिळवलेला माणूस ११८ जणांच्या यादीतही जिंकू शकतो, हे त्यांना कोणीतरी त्यांच्याच बाजूच्या माणसाने समजावून सांगितले, तर बरेच काही बदलेल. असा माणूस कोण, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

त्याच प्रस्तावात घटनादुरुस्तीची एक ओळ जोडा : मताधिकारासाठी केवळ सभासदाने स्वतः देय असलेली वर्गणी पाहिली जाईल, यादी मतदानाच्या किमान तीस दिवस आधी प्रसिद्ध होईल, आणि ज्याच्या नावापुढे देणे दाखवले असेल त्याला लेखी सूचना देऊन ते भरण्यास किंवा त्यावर हरकत घेण्यास पंधरा दिवस मिळतील. ही ओळ आज त्यांच्या विरोधात वाटेल, पण पुढच्या वेळी कार्यकारिणीत कोण असेल हे कोणालाच माहीत नाही, म्हणून ती मंजूर होण्याची शक्यता मला बरीच वाटते.

आणि त्या दोन सहकाऱ्यांना सांगा की, सात महिन्यांची वर्गणी या आठवड्यात भरून रीतसर पावती घ्यावी. फेरनिवडणुकीची पात्रता तारीख कोणती ठरेल हे अजून ठरलेले नाही, आणि ती ठरण्याआधी त्यांचे खाते चुकते झालेले असले पाहिजे.